ओठ त्यांचे, बोल आमचे

आमच्या रेवदंड्याच्या घरी गणपतीला चारही भावंडांची मुलंबाळं जमतात. रात्री आरती आणि जेवणं झाली की कुणी पत्ते काढतं, कुणी फुगडी घालतं. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने आपला मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या वेळचं गाणं लावतो."

पडद्यावर अलिशा चिनॉय आली. १९९५ सालचं 'मेड इन इंडिया'. बिद्दू यांचं संगीत, केन घोष यांचं दिग्दर्शन. त्या काळी टीव्हीवर ते किती वेळा लागायचं, हे अनेकांना आठवत असेल. राजकन्येपुढे देशोदेशीचे उमेदवार येतात, ती एकेकाला नापसंत करते आणि शेवटी एका लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघतो.

चित्र तेच होतं. पण राजकन्येने तोंड उघडलं आणि आमच्या आगरी-कोळी बोलीत म्हणाली, "नाय गो बाय, यो कालचा हाय. डोले बघ याचे!" भाच्याने त्या स्वयंवराचा मासळीबाजार केला होता. एकेक उमेदवार म्हणजे एकेक शिळा मासा. शेवटी बर्फाची पेटी उघडते आणि आतून निघतो ताजा, चकचकीत पापलेट!

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मीही हसले. पण 'डोले' ऐकून मनात काहीतरी टोचलं. त्याकडे शेवटी येते. आधी, हे इतकं हसू का येतं ते पाहू.

आपले डोळे कानांवर कुरघोडी करतात, हे त्याचं मुख्य कारण. ज्याचं तोंड हलतं त्याचाच आवाज, असं मेंदू धरून चालतो. य. के. पाध्ये यांनी घडवलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी महाराष्ट्रभर फिरवलेला अर्धवटराव आठवा. बाहुल्याचा जबडा नुसता वर-खाली होतो. तरी आपण बोलणाऱ्या पाध्यांकडे न बघता बाहुल्याकडेच बघतो.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिफितीवर 'बा', पण चित्रातले ओठ 'गा' म्हणणारे. बघणाऱ्या बहुतेकांना ऐकू आलं 'दा'! डोळे मिटून ऐकलं तर मात्र स्वच्छ 'बा'. म्हणजे ऐकण्याच्या कामात ओठांचाही वाटा असतो.

शिवाय आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. ओठ नायिकेचे आणि गळा लताबाईंचा किंवा आशाबाईंचा, हे आपल्याला कधी खटकलं नाही. मग अलिशाच्या ओठांवर आमच्या बाजारातली मावशी का बसू नये?

भाच्याने मला त्यातली कारागिरीही दाखवली. हल्ली संगणकावर गाण्यातला गळा आणि वाद्यं वेगळी काढता येतात. वाद्यं ठेवायची, गळा काढायचा. मग चित्र सावकाश पुढे सरकवत ओठ कुठे मिटतात ते टिपून ठेवायचं. शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण इथे उपयोगी पडतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. गाणारी व्यक्ती जवळून दिसत असेल तर मिटलेल्या ओठांवर यांतलंच अक्षर हवं. लांबून दिसत असेल तर काहीही खपतं. आता बघा, आमची मासळी किती सोयीची आहे! पापलेट, बोंबील, बांगडा, मांदेली. ओठ मिटले की एखादा मासा हजरच.

जुनी पॉप गाणी यासाठी फार बरी पडतात. त्यांत गोष्ट असते पण संवाद नसतात. आव मोठा गंभीर असतो, वारा सुटलेला असतो, केस उडत असतात. अशा थाटात कुणी माशाचा भाव केला की फुगा फुटतो. आणि मूळ गाणं सर्वांच्या ओळखीचं असतं. मूळ ठाऊक नसेल तर विडंबनाची गंमत येत नाही, हे आचार्य अत्र्यांच्या १९२५ सालच्या 'झेंडूची फुले'पासून मराठी वाचकाला माहीत आहे. पुढे 'खास रे टीव्ही' या यूट्यूब वाहिनीने डोनाल्ड ट्रम्प यांना गावरान मराठीत बोलायला लावलं, तेव्हा 'ट्रम्पतात्या' घरोघरी पोचले ते याच वाटेने.

पण या गमतीची एक उलटी बाजूही आहे. २००० सालच्या एका तमिळ चित्रपटातलं प्रभुदेवाचं गाणं २००७ साली 'बफेलॅक्स' हे नाव घेतलेल्या एका अमेरिकन तरुणाने यूट्यूबवर टाकलं. आवाज मूळचाच ठेवला, फक्त तमिळ शब्द इंग्रजी कानाला जसे ऐकू येतील तशी निरर्थक वाक्यं खाली लिहिली. 'बेनी लावा' या नावाने ते जगभर गाजलं. मीही पाहिलं आणि हसले. पण त्यात तमिळ ही कोट्यवधी माणसांची भाषा राहत नाही, नुसता विचित्र आवाज होऊन जाते.

आता माझ्या टोचणीकडे येते. माझी आई रेवदंड्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. शाळेत मी 'डोळे'ला 'डोले' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा. मी जिभेला वळण लावलं. पुढे मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं मुलांचं 'पानी' दुरुस्त करत राहिले. त्या मुलांना काय वाटत असेल, हे मला ठाऊक होतं. तरीही केलं. म्हणून त्या रात्री मला वाटलं, आमची बोली पुन्हा एकदा हसण्यावारी गेली.

मी भाच्याला तसं बोलूनही दाखवलं. तो गोंधळला. "आत्या, मी आपल्या बोलीला नाही हसलो. मी त्या राणीला हसलो."

तेवढ्यात पाटावर बसलेली आई म्हणाली, "तुमचा चुकलाय." आम्ही दोघं गप्प. आईचं वय चौऱ्याऐंशी. तिचा आक्षेप वेगळाच होता. नुसते डोळे बघून कुणी मासा घेत नाही. कल्ले उचलून आतला लाल रंग बघायचा, बोटाने दाबायचं, खड्डा पडला तर टाकून द्यायचा. "आनी भाव कुठं केलाय तिनं? भावाबिगर मासली कोन घेतं?"

दुसऱ्या दिवशी भाच्याने आईसमोर मोबाइल धरला आणि आईने राजकन्येचा आवाज दिला. ओष्ठ्य वर्ण वगैरे तिला सांगावं लागलं नाही. दोन-चारदा चित्र बघून तिने ठेका पकडला आणि पडद्यावरच्या त्या देखण्या उमेदवारांना असं काही झापलं, की शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या नव्या गाण्यात अलिशा कल्ले उचलते, घासाघीस करते आणि मगच पापलेट घेते.

तुम्हालाही असा उद्योग करावासा वाटला, तर एवढंच बघा, की कुणाच्या तोंडी कुणाचे बोल घालता आहात. दिमाखदार राणीच्या तोंडी बाजारातली बोली घातली, तर उतरतो तो राणीचा तोरा. बाजारातल्या बाईच्या तोंडी अर्थहीन बडबड घातली, तर बाईच हास्यास्पद होते. आणि बोली दुसऱ्याची असेल, तर आधी ती बोलणाऱ्याला ऐकवा. तो हसला तर पुढे जा.

आमचं ते गाणं अजून घरातच आहे. या गणपतीला आईने दुसरं मागितलंय. त्यात एक आवाज मी द्यायचा आहे. 'डोले' म्हणायची पुन्हा सवय करते आहे.