बालपणीचे अत्याचार आणि समुपदेशनाची वाट

लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला अशी माणसे आपल्यात किती असतील, असे विचारले तर बहुतेक गृहस्थ ‘आमच्या ओळखीत तरी कोणी नाही’ असे उत्तर देतील. हे उत्तर प्रामाणिक असते; परंतु ते खरे असतेच असे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. शेकडा ५३ मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणाजवळ बोलून दाखविली नव्हती. तेव्हा ‘ओळखीत कोणी नाही’ याचा अर्थ ‘आपल्याला कोणी सांगितलेले नाही’ एवढाच घ्यावयाचा. ती मुले आज प्रौढ झाली आहेत.

मूल का बोलत नाही, हे समजणे कठीण नाही. अपराधी घरातलाच असला की आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे वडीलधारी माणसे समजावितात. मुलगा असेल तर त्याने रडावयाचेच नसते. परंतु न बोलल्याने घडलेली गोष्ट नाहीशी होत नाही. १९९८ साली अमेरिकेतील फेलिटी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९,५०८ प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा, व्यसन अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्यांत दारूचे व्यसन, खिन्नता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण इतरांच्या मानाने चारपासून बारा पटींपर्यंत अधिक आढळले. अशा प्रत्येक माणसाचे असेच होते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र ‘झाले गेले विसरून जा’ हा उपदेश पुरेसा नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते.

मग समुपदेशनाने काय साधते? ते म्हणजे गोड शब्दांत केलेला उपदेश नव्हे, आणि आठवणी खणून काढण्याचा उद्योगही नव्हे. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली या कामाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली सुरक्षिततेची : झोप, राहते घर, सोबतची माणसे यांची घडी आधी बसली पाहिजे. दुसरी आठवण आणि शोक यांची : घडले ते आपल्या शब्दांत, आपल्या गतीने सांगणे. तिसरी पुन्हा माणसांत मिसळण्याची. पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारली तर लाभाऐवजी अपायच व्हावयाचा. म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचे आहे.

आता अशा माणसापर्यंत पोहोचावयाचे कसे? आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलाला एक सहायक व्यक्ती देऊ शकते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही आहे. तथापि या दोन्ही वाटा पोलीस ठाण्यावरून जातात; तक्रार झाली तर पुढचे सारे. मुलाच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे. परंतु ज्याला पस्तिसाव्या वर्षी फिर्याद नको आहे, नुसती शांत झोप हवी आहे, त्याने कोठे जावे? शिवाय कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविल्यास शिक्षा आहे. अत्याचार सोसलेली व्यक्ती आता सज्ञान झाली असल्यास काय करावे, याचा खुलासा कलमात नाही. त्यामुळे समुपदेशक बिचकतो आणि सांगणाराही बिचकतो. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्यापूर्वीच्या कृत्यांना तो लागू होत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आयर्लंडने याबाबत निराळी व्यवस्था केली. संस्थांतून वाढलेल्या मुलांच्या छळाबद्दल १९९९ साली तेथील पंतप्रधानांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली, आणि २००० साली बालपणी अत्याचार झालेल्या प्रौढांसाठी सरकारी समुपदेशन सेवा सुरू झाली. ती विनामूल्य आहे, आणि माणूस स्वतः दूरध्वनी करून तीत नाव नोंदवू शकतो; पोलिसांत तक्रार केलीच पाहिजे अशी अट नाही. उपचाराचे दार आणि न्यायाचे दार निरनिराळे ठेवावे, म्हणजे एकात शिरण्यासाठी दुसऱ्यातून जावे लागत नाही, हा त्यातला धडा होय.

आपल्याकडेही पाया अगदीच नाही असे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि गुप्ततेचाही. २०२२ पासून ‘टेलीमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते; मुलांसाठी १०९८ आहे. समुपदेशकाकडे जाताना त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी, त्यात संकोच नको. माझे बोलणे कोठवर गुप्त राहील, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. चांगला समुपदेशक ही मर्यादा आपण होऊन सांगतो.

उरलेले काम आपले, म्हणजे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे आहे. कोणी धीर करून सांगू लागले तर ‘तेव्हाच का नाही बोललास?’ असे विचारू नये. पुरावा मागू नये, आणि त्याला न विचारता ती गोष्ट चारचौघांत नेऊ नये. सांगणारे मूल असेल, तर मात्र त्याला त्या माणसापासून लगेच दूर करावे आणि कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावे. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे दोन्ही प्रसंगी म्हणावे. समुपदेशकाच्या दारापर्यंतची वाट पुष्कळदा या एका वाक्यापासून सुरू होते.