हुंडीची पेठ आणि साखळीची वही

आमच्या घाऊक धान्याच्या पेढीवर गतवर्षी घडलेली एक गोष्ट व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे निवेदन करीत आहे.

सन २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नामक ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे काम हाती घेतले होते. ते वाचून आमच्या पुतण्याने डिचोलीच्या गोदामातील मालाच्या पावत्या त्याच वहीत चढविण्याची स्क्रिप्ट लिहिली. ती वही एकाच वेळी अनेक यंत्रांवर असते व तीतील ओळ खोडता येत नाही. आमच्या चोपडीचा दंडकही तोच!

पेडण्याच्या एका दुकानदाराने ४० पोती तांदूळ उचलण्यापूर्वी ही वही पाहिली, तो तेथे एकाच मालाच्या दोन पावत्या. ४० पोत्यांची ८० झालेली. त्याने सौम्यपणेच विचारले, "शेटजी, दुसरा माल कोठे आहे?" त्या रात्री मला झोप आली नाही. पुतण्या मात्र छातीठोकपणे सांगे की, नोंद एकदाच केली.

दोष असा निघाला. स्क्रिप्ट नोंद पाठवून काही सेकंद उत्तराची वाट पाही व ते न आल्यास काम फसले असे समजून नवी नोंद पाठवी. वस्तुतः पहिली नोंद पोहोचलेली, केवळ पोच मागे राहिलेली. प्रत्येक खात्याच्या नोंदींना शून्यापासून अनुक्रमांक असतो. त्यास नॉन्स म्हणतात. एका क्रमांकाची एकच नोंद चढते. स्क्रिप्ट दर खेपेस पुढचा क्रमांक घेई, म्हणून दोन्ही चढल्या.

हे ऐकताच मला तीर्थरूपांच्या पेटीतील हुंड्या आठवल्या. हुंडी गहाळ झाली तर दुसरी हुंडी कोणी लिहीत नसे; पेठ लिहीत, आणि तीही हरवल्यास परपेठ. तीत मूळ हुंडीचा हवाला असे. एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द. मी म्हटले, "बाबा, तू पेठेऐवजी दर वेळी हुंडीच लिहितोस!"

मग त्याने पाठविण्यापूर्वीच पावती व अनुक्रमांक टिपून ठेवण्याची व्यवस्था केली. पोच न आल्यास आधी चौकशी; नोंद अडकलेली असल्यास त्याच क्रमांकाने, शुल्क सामान्यतः निदान दहा टक्के वाढवून, पुन्हा पाठवणी. शुल्क न वाढविल्यास यंत्रे ती परत करतात आणि मधला क्रमांक सुटल्यास पुढच्या साऱ्या नोंदी खोळंबतात, हे त्यास दोन दिवस रखडून कळले.

चढलेली ओळ खोडता येईना, म्हणून तिच्याखाली उलट नोंद घातली. दुकानदारास डिचोलीस बोलावून त्याच्यादेखत पोती मोजली. ४० भरली.