चप्पल पायाच्या मापाची, की पाय चपलेच्या मापाचा?

ब्लाऊज शिवायला टाकताना आपण टेलरला दहा सूचना देतो. बाही एवढीच हवी, गळा फार मोठा नको, मागच्या वेळी खांद्यात सैल झाला होता. अर्धा इंच इकडचा तिकडे झाला तरी परत नेऊन उसवून घेतो. पण चप्पल घेताना? बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन झाली, हातात दोन जड पिशव्या आहेत, अशा वेळी उभ्या उभ्या दुकानदाराला सांगतो, "सहा नंबर दाखवा." सहा नसला तर पाच. "असू दे, वापरून वापरून सैल होईल." कित्येक घरांत तर नवरा किंवा मुलगा तालुक्याहून येताना अंदाजानं चप्पल घेऊन येतो आणि बाई ती मुकाट्यानं घालते. बसली तर बसली, नाहीतर पाय बसवते!

आमच्या महिला मंडळात एकदा मी सगळ्यांना आपापला चपलेचा नंबर विचारला. बहुतेक जणींनी लग्नात घेतलेल्या सँडलचा नंबर सांगितला. मग वहीचे कागद जमिनीवर ठेवून, त्यावर उभं करून प्रत्येकीच्या पावलाची बाह्यरेखा काढली आणि तो कागद तिच्याच चपलेवर ठेवला. कुणाची करंगळी चपलेच्या बाहेर, कुणाची टाच मागे लोंबतेय. आधी खूप हसलो. मग एकेकीनं तक्रारी सांगायला सुरुवात केली. करंगळीवर कुरूप, चवड्याला घट्टे, टाचेला भेगा, सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेतून निघणारी कळ. "वय झालं आता," असं म्हणून प्रत्येकीनं हे दुखणं सोडून दिलेलं.

मैत्रिणींनो, पायाचं माप आयुष्यभर एकच राहत नाही. गरोदरपणात वजन वाढतं, सांध्यांचे बंध सैल होतात आणि पावलाची कमान थोडी खाली बसते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४९ महिलांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साठ ते सत्तर टक्के महिलांची पावलं लांब किंवा रुंद झालेली आढळली. म्हणजे बाळ मोठं होतं, आईचं पाऊलही वाढतं, पण चपलेचा नंबर मात्र लग्नातलाच!

दुसरी अडचण नंबराचीच आहे. आपल्याकडचे नंबर इंग्रजांच्या काळापासून त्यांच्याच पद्धतीचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापं घेतली. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून दिसलं आणि २०२४ मध्ये 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. लांबीला बसलेला बूट आपल्याला रुंदीला का आवळतो, हे यावरून कळेल. आवळतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग पाय आत पुढे-मागे घसरतो आणि फोड येतात.

अरुंद, टोकदार सँडलमध्ये बोटं एकमेकांवर चढतात. उंच टाचेमुळे शरीराचा भार चवड्यावर येतो. वर्षानुवर्षं असं झालं की अंगठा आत वळतो आणि त्याच्या बुंध्याशी हाड पुढे आल्यासारखं दिसतं. अगदी सपाट, झिजून पापड झालेली स्लीपरही तेवढीच वाईट, कारण टाचेला तिचा काहीच आधार नसतो.

हे सगळं त्रासाचं खरं, पण निदान दुखतं तरी. पाय ओरडून सांगतो. ज्यांचा पाय सांगतच नाही, त्यांचं काय?

आमच्या एका आरोग्य शिबिरात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. आठ वर्षांपासून शुगर. आल्या होत्या डोळे तपासायला. डॉक्टरांनी चपला काढायला सांगितल्या, तर उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. चपलेचा खिळा तळातून वर आला होता आणि कितीतरी दिवस तो टोचत होता. मावशींना पत्ताच नव्हता. मला म्हणाल्या, "चप्पल कधी चावलीच नाही हो ताई. म्हटलं, छान बसलीय." जखम हाडापर्यंत गेली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, पाय वाचला, पण अंगठा काढावा लागला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. मग घट्ट पट्टा, खडा, चटका, काहीच कळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे त्याच त्याच जागी दाब आणि इजा होत राहते, जखमा चिघळतात आणि पाय खराब होतो. त्यासाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला वापरात आल्या. तेच एमसीआर रबर आज मधुमेहींच्या चपलांना वापरतात.

मावशींना आता तशीच चप्पल मिळाली आहे. आतून मऊ, खालून काटा न शिरेल असा टणक तळ, मागे पट्टा, कुठेही खिळा नाही आणि अंगठ्यात अडकवायची भानगड नाही. दिसायला फार सुंदर नाही. पण त्या चालतात, काम करतात. मधुमेह असेल तर अशी चप्पल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतात आणि कळतं का ते विचारतात. पाच मिनिटांचं काम.

आता चप्पल कशी घ्यावी ते सांगते. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळी घ्या. दोन्ही पावलांची बाह्यरेखा उभं राहून काढा, पेन्सिल सरळ धरा. एक पाय मोठा असतोच, त्याच्या मापाची घ्या. काही जणींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा सर्वांत लांब बोट धरा. कागद कापून दुकानात न्या. तो चपलेच्या बाहेर आला किंवा बुटात दुमडला, तर तो जोड आपला नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. दोन्ही पायांत घालून दुकानात चार पावलं चाला. "सैल होईल" हे ऐकू नका. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढल्यावर पाय बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे दाब येतोय.

शुगर असेल तर रोज रात्री पाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर सुनेला-नातीला बघायला सांगा. चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवा. कुरूप ब्लेडनं कापू नका, गरम पाण्यात पाय शेकू नका. देवळात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको, सकाळी लवकर दर्शन घ्या. घरातही चप्पल हवी. "स्वयंपाकघरात चपला?" असं सासूबाई म्हणतील. त्यांना सांगा, घरची जोडी वेगळी, ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही. आमच्या गावात एक-दोन घरांत यावरून कुरबुर झाली, पण मावशींचा पाय बघितल्यावर सगळे गप्प बसले.

घरात सगळ्यांची खरेदी झाल्यावर उरलेल्या पैशांत आपली चप्पल येते, हेही कुठेतरी थांबायला हवं. पहाटे उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत हे पाय उभे असतात. तेव्हा येत्या रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्या बायकांना कागदावर उभं करा. सासूबाईंपासून सुरुवात करा, आणि शेवटचा कागद स्वतःसाठी नक्की ठेवा.