हंगामी कामगाराचं वर्ष किती महिन्यांचं?

साखर कारखान्याचं वर्ष दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि हंगामी कामगारांच्या पाळ्या लागतात. मार्च-एप्रिलात गाळप संपलं की ते घरी जातात. नोकरी सुटलेली नसते, पुढच्या हंगामाला त्याच जागेवर यायचं असतं. तोवर पूर्ण पगार नाही, रिटेन्शन भत्ता मिळतो. पुष्कळ जण त्याला बसून मिळालेला पगार म्हणतात, ते चूक आहे. कामगार दुसरीकडे जाऊ नये, म्हणून कारखाना तो देतो. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने म्हणूनच या भत्त्यावरही फंड भरायला लावला आहे.

मग पाच महिने राबणाऱ्याचं वर्ष पूर्ण धरायचं की अर्धं? पेन्शन योजना पूर्ण धरते. १९९५ च्या योजनेत हंगामी कामगाराची वर्षातली सेवा कमी भरली तरी ती एक वर्ष मानली जाते. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. ती या तरतुदीमुळे १० हंगामांत भरते.

ग्रॅच्युइटीत मात्र हात आखडतो. कायम कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हंगामी कामगाराला दर हंगामामागे ७ दिवसांचा. वीस वर्षांनंतर एकाच्या पदरात ३०० दिवसांचा पगार पडतो, दुसऱ्याच्या १४०. शिवाय कारखाना जितके दिवस चालला, त्याच्या ७५ टक्के दिवस हजेरी हवी. १२० दिवसांच्या हंगामात ९० दिवस. १९७२ च्या कायद्यातला हा हिशेब २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसाच आला आहे. राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं दार तर बंदच आहे. हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचं नाव घालून ते बंद केलेलं आहे. उकळत्या रसाजवळ आणि फिरत्या मिलजवळ काम करणाऱ्यांना या विम्यातून वगळावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

तरीही हे सगळं कारखान्याच्या गेटच्या आतलं. गेटबाहेर, फडात, बीडहून आलेलं जोडपं पहाटेपासून कोयता चालवतं. हंगाम तोच, ऊसही तोच. पण उचल मुकादमाकडून, करार मुकादमाशी, आणि कारखान्याच्या मस्टरवर दोघांचंही नाव नाही. नाव नाही म्हणून फंड नाही, पेन्शन नाही, सात दिवसांची ग्रॅच्युइटीसुद्धा नाही. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, तेव्हा बाईची मजुरीही वेगळी लिहिली जात नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहं आहेत, रेशनकार्ड आता दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं. ही मदत हवीच, पण ती योजनेतून मिळते, केलेल्या कामाच्या हक्काने नाही.

कारखान्याकडे प्रत्येक खेपेची वजनपावती असते, ती कोणत्या टोळीची हेही नोंदलेलं असतं. त्याच नोंदीत तोडणाऱ्या बाईचं आणि पुरुषाचं वेगवेगळं नाव घाला आणि त्यांचा हंगाम सेवेत धरा. संचालक मंडळांनी आणि सरकारने हे येत्या गळिताच्या आत करावं.