वरचा दोरा, खालचा दोरा

आईच्या मागे तिची सहा नऊवारी लुगडी घरात राहिली. त्यांतल्या दोन लुगड्यांची मी मशीनवर गोधडी शिवली. दोरा दुकानातला सर्वांत मजबूत मागून आणला, जाड पॉलिएस्टरचा. वर तोच आणि बॉबिनमध्येही तोच. टाकाही अगदी बारीक ठेवला. दोन वर्षांनी गोधडी धुऊन वाळत घातली, तेव्हा दिसले की टीप जशीच्या तशी आहे, पण तिच्या कडेकडेने लुगडे फाटत गेले आहे. शेजारच्या दोरीवर आईने हाताने शिवलेली जुनी गोधडी होती. तिचा धावदोरा चार-पाच ठिकाणी तुटला होता. कापड मात्र शाबूत होते.

शिवणकामाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण या कोड्याने मला मशीन उघडायला, रिळांवरचे आकडे वाचायला आणि चिंध्यांवर प्रयोग करायला लावले. त्यातून जे हाती आले, ते इथे मांडते.

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो. मशीनच्या टाक्यात दोन दोरे लागतात. एलियास होव याने 1846 साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात नेढे सुईच्या टोकाशी होते आणि खालचा दोरा मागाच्या धोट्यासारख्या शटलमधून फिरत होता. तत्त्व आजही तेच आहे. सुई वर येऊ लागली की तिच्या दोऱ्याचा फास सुटतो, खालचा हुक तो पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि वरचा दांडा दोरा ओढून घेतो. दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या थरांच्या मधोमध बसली, तर टाका बरोबर पडला असे समजावे.

या फेऱ्यात दोन्ही दोऱ्यांना सारखे कष्ट पडत नाहीत. वरच्या दोऱ्याचा प्रत्येक भाग टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून आणि ताणाच्या चकत्यांमधून अनेकदा पुढेमागे घासला जातो. बॉबिनचा दोरा नेढ्यातून जातच नाही. म्हणून वरचा दोरा गुळगुळीत, लांब धाग्याच्या कापसाचा आणि सारख्या पिळाचा हवा. खालचा त्याच्याइतका किंवा थोडा बारीक चालतो. बारीक दोऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे बॉबिन जास्त वेळ पुरते; गोधडीच्या लांबलचक टिपांना ते सोयीचे पडते. हाताच्या शिवणीसाठी मिळणारा खळ दिलेला दोरा मात्र मशीनला लावू नये. त्याची खळ चकत्यांत साचते.

सुती रिळावर 50/2 किंवा 50/3 असे आकडे असतात. पहिला आकडा सुताचा नंबर. एक पौंड वजनात 840 वारांच्या किती लडी बसतात, ते तो सांगतो. त्यामुळे आकडा मोठा तितके सूत बारीक. दुसरा आकडा पदरांचा. म्हणून 50/3 हा 50/2 पेक्षा जाड असतो. टेक्स या मापात उलटे आहे: 1000 मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे टेक्स, तेव्हा आकडा मोठा तितका दोरा जाड. 50/2 साधारण 24 टेक्स भरतो, 50/3 साधारण 35. सुईही त्याच हिशेबाने निवडावी. 14 नंबरची सुई 0.9 मिलिमीटर जाड असते, 16 नंबरची 1 मिलिमीटर. जुन्या कापडाला दोरा सहज ओवला जाईल एवढीच सुई पुरे. छिद्र जेवढे मोठे, तेवढे कापड कमी उरते.

आता माझ्या फाटलेल्या गोधडीकडे येते. पॉलिएस्टरचा दोरा सुती कापड कापतो, असे पुष्कळ जण सांगतात. मी लुगड्याच्या पट्ट्या जोडून हातांनी ओढून पाहिल्या. जाड पॉलिएस्टरने शिवलेली पट्टी सुईच्या छिद्रांवर फाटली. 50/2 सुती दोऱ्याने शिवलेल्या पट्टीत दोरा आधी तुटला. तेव्हा माझ्या मते दोष पॉलिएस्टरला देण्यापेक्षा बळाच्या विषम जोडीला द्यावा. नव्या जाड कापडाला पॉलिएस्टर उत्तम. जिरलेल्या लुगड्याला मात्र त्याच्यापेक्षा दुबळा दोरा हवा. सुती दोरा ओला झाल्यावर थोडा अधिक मजबूत होतो, आणि भिजून जड झालेली गोधडी पिळताना टिपेची खरी परीक्षा होते. त्यात माझा टाका बारीक होता. जवळजवळच्या छिद्रांनी कापडाची अवस्था पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी झाली होती. इंचाला आठ टाके पुरले असते.

दोन दोरे वेगळे घेतले की ताण पुन्हा जुळवावा लागतो. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोष एका बाजूला दिसतो, कारण बहुधा दुसऱ्या बाजूला असते. कापडाच्या खाली वरच्या दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर वरचा ताण सैल आहे. खालचा दोरा वर डोकावत असेल आणि वरचा तारेसारखा सरळ पडला असेल, तर वरचा ताण जास्त आहे. वरचा ताण आधी जुळवावा. बॉबिनच्या डबीचा स्क्रू शेवटी, तोही किंचितच फिरवावा. त्याआधी गोधडीइतकेच थर घेऊन एका तुकड्यावर टीप मारून पाहावी.

उरलेल्या लुगड्यांपैकी दोघांची मी दुसरी गोधडी शिवली. वर 50/3 सुती, खाली 50/2, टाका मोठा. यंदाच्या पावसाळ्यात तिची एक टीप चार बोटे उसवली. मी सुई ओवली आणि दहा मिनिटांत हाताने धावदोरा घातला. लुगडे कुठेही फाटले नव्हते.