समुद्राखालची दरड आणि किनाऱ्यावरची वस्ती

माळीण, तळिये, इर्शाळवाडी. दरड म्हटली की आपल्याला ही नावे आठवतात. डोंगराला भेग पडली तर ती निदान एखाद्याच्या नजरेस पडू शकते. समुद्राच्या तळाशीही उतार आणि दऱ्या आहेत, तिथेही दरडी कोसळतात. मात्र वरून पाणी शांत दिसते.

17 जुलै 1998 रोजी पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ 7 तीव्रतेचा भूकंप झाला. एवढ्या भूकंपाने फार मोठी त्सुनामी यायला नको होती. तरीही 10 मीटरहून उंच लाटा आल्या आणि 2,000हून अधिक माणसे गेली. नंतर जहाजांनी तळ मोजला, तेव्हा पाण्याखालचा प्रचंड उतार घसरल्याच्या खुणा सापडल्या. डिसेंबर 2018मध्ये इंडोनेशियात अनाक क्राकाताउ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली आणि 400हून अधिक लोक मेले. तिथली इशारा यंत्रणा भूकंपावर बेतलेली होती. मोठा भूकंप झालाच नाही, म्हणून वेळेत इशाराही मिळाला नाही.

म्हणूनच अशा जागा आधी शोधून ठेवाव्या लागतात. जहाजाच्या बुडाशी बसवलेले यंत्र खाली पंख्यासारखे ध्वनीचे झोत सोडते. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते आणि तळाचा नकाशा तयार होतो. स्ट्रॉम्बोली बेटावर 30 डिसेंबर 2002 रोजी दरड समुद्रात जाऊन लाट उसळली. त्यानंतर, 2007मध्ये, इटलीने आपल्या किनाऱ्यालगतचा तळ असा तपासायला घेतला. पैसा नागरी संरक्षण विभागाचा होता, म्हणजे नकाशा कशासाठी हवा ते सुरुवातीपासून स्पष्ट होते. जगाचा विचार केला तर 2024पर्यंत समुद्रतळाचा जेमतेम 26 टक्के भाग नीट मोजून झाला होता.

आपला संबंध काय? 28 नोव्हेंबर 1945 रोजी मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला. काही तासांनी लाट मुंबईला पोहोचली आणि इथेही माणसे बुडाली. त्या वेळी समुद्राखालची दरडही कोसळली असावी, असे काही संशोधक मानतात. आज हैदराबादचे 'इन्कॉइस' त्सुनामीचा इशारा देते; तिथले त्सुनामी इशारा केंद्र 2007मध्ये, म्हणजे 2004च्या त्सुनामीनंतर सुरू झाले.

पण इशारा पोहोचतो कुणापर्यंत? 2004नंतर नागपट्टिनममध्ये मदतछावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्यापासून रोखले गेले, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. नुकसान मोजताना नावा आणि जाळी मोजली गेली. ज्यांच्याकडे नाव नव्हतीच, जे दुसऱ्यांच्या मासळीवर आणि शेतावर मजुरी करत, ते यादीतून गळले. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, चीड मात्र येते. समुद्राचा तळ मोजणारे यंत्र जात पाहत नाही; किनाऱ्यावरची यादी करणारा माणूस पाहू शकतो.

ओडिशातील नोलियासाही आणि वेंकटरायपूर या दोन गावांना 2020मध्ये युनेस्कोकडून 'त्सुनामी रेडी' मान्यता मिळाली. त्यासाठी धोक्याचा नकाशा, बाहेर पडण्याचा रस्ता आणि सराव, हे सगळे गावापर्यंत न्यावे लागते. कोकणातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे समजून घ्यायला हवे. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आराखड्यात धोक्याच्या जागा नमूद कराव्या लागतात, आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तो आराखडा मागून घ्या. त्यात बंदर सापडेल, कोळीवाडाही बहुधा सापडेल. खाडीच्या कडेची बौद्धवाडी आहे का, ते बघा.