दखल कोणी घेतली?

मराठी विकिपीडियावर एखाद्या लेखकाचे पान ठेवायचे की काढायचे, हे ठरवताना त्याची कविता चांगली आहे का, असे कोणी विचारत नाही. विचारायचे एवढेच: या माणसाबद्दल दुसऱ्या कोणी, काही लागाबांधा नसताना, नीट लिहिले आहे का? तिथे याला 'उल्लेखनीयता' म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या लेखकांच्या नोंदी तपासायला बसलो की माझा सुरुवातीचा बराच वेळ वजाबाकीतच जातो.

पुस्तकांची संख्या वजा, कारण पदरचे पैसे घालून कितीही पुस्तके काढता येतात. आयएसबीएन वजा, सरकारी संस्था तो विनामूल्य देते आणि पुस्तक निघाले यापलीकडे तो काही सांगत नाही. स्नेह्याची प्रस्तावना वजा. सन्मानपत्रांची फाइल उघडावी तर निम्म्या संस्थांचा पत्ता त्या पत्रापुरताच. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून आलेला माणूस ती जपून ठेवतो, आणि ठेवावीच. पण यादीतले नाव म्हणजे दखल नव्हे. हे तोंडावर सांगणे मोठे जिवावर येते. "भाऊ, इतके पुस्तकं लेहले मी, अजून काय पायजे?" याला शांत आवाजात उत्तर द्यावे लागते.

काही नावांना वादच नसतो. वणीचे लोकनायक बापूजी अणे 1968 मध्ये वारले आणि त्यांच्या 'तिलकयशोऽर्णव' या संस्कृत महाकाव्याला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. वणीच्याच महाविद्यालयात प्राचार्य राहिलेले राम शेवाळकर 1994 च्या पणजी संमेलनाचे अध्यक्ष. अशा पानावर चर्चा होते ती शुद्धलेखनाची.

घोडे अडते ते शंकर बडे यांच्यासारख्या कवीपाशी. बोरी अरबचा हा वऱ्हाडी कवी. 'इर्वा' हा त्यांचा संग्रह आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग. त्यांची कीर्ती पसरली ती कानोकानी, गावोगावच्या मंचांवरून. पण हजार माणसांनी मांडी घालून ऐकले, याला तळटीप लावता येत नाही. 2016 मध्ये ते गेले तेव्हा वृत्तपत्रांत लिहून आले, तरी निधनवार्तेवर सगळे पान उभे करणे मला कच्चे वाटते. बडे माझ्या मते निःसंशय पात्र आहेत. पण माझे मत हा पुरावा नव्हे. वऱ्हाडी कवितेवरचे प्रबंध, समीक्षालेख, 'युगवाणी'सारख्या नियतकालिकांतली परीक्षणे, हा पुरावा.

आणि तो बहुतेक कागदावरच आहे. बापूजी अण्यांनी ज्या यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक काढले, तिथल्या कितीतरी वृत्तपत्रांचे जुने अंक जालावर नाहीत. पुण्या-मुंबईच्या लेखकाचे परीक्षण दोन बोटांच्या टिचकीसरशी सापडते. दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या लेखकासाठी ग्रंथालयात जाऊन, ग्रंथपालांची मनधरणी करून, दोरीने बांधलेले गठ्ठे सोडावे लागतात. एवढा खटाटोप न करता "संदर्भ नाही, पान काढा" असा शेरा मारणारे प्रामाणिक असतात, पण त्यांचा न्याय शहराच्या बाजूने झुकतो. वास्तविक संदर्भ जालावरच हवा, असा विकिपीडियाचा नियम नाही. वृत्तपत्राचे किंवा मासिकाचे नाव, दिनांक, लेखाचे शीर्षक, लिहिणाऱ्याचे नाव आणि पान, एवढे दिले की छापील कागदही चालतो.

माझ्यापर्यंत येणारी कात्रणे मात्र बहुधा फोटोच्या कडेकडेने कापलेली असतात. लेख आहे, कौतुक आहे, पण कुठल्या अंकातले ते कळायला मार्ग नाही. तेव्हा घरात कोणी लिहिणारे असेल, तर कात्री चालवण्याआधी अंकाचे नाव, तारीख आणि पान समासात पेनाने लिहून ठेवा.